जुन्या लुगड्याची गोधडी

माझ्या अक्षराबद्दल आणि शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत. घरी बोलणं पेडण्याचं, त्यामुळे लिहिताना सरमिसळ होते आणि ओळी वर चढतात. धावदोरा मात्र माझा कधी वाकडा गेला नाही. हे मी न लाजता लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

गोवा घटकराज्य झालं, त्याच वर्षाच्या शिगम्यातली ही गोष्ट. हळर्णला आमच्या घरामागे परसू आहे. मोरीच्या पाण्याला पाट काढून मी अबोलीचे दोन वाफे केले होते. कुंपणाला मोगरा, कोपऱ्यात सुरंगीचं झाड. फाल्गुनात सुरंगी फुलली की मधमाश्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. पुढच्या ओसरीवर बसलं की येणारा-जाणारा बोलायला थांबतो, आणि मला बोलणं सुचत नाही. म्हणून शिलाईची मशीन मी मागच्या जनेलाखाली, खिडकीतून परसू दिसेल अशी ठेवली होती. गोधड्यांचे रंग निवडायला मान वर केली की पुरे. अबोलीशेजारी तिच्या पानाचा हिरवा, सुरंगीच्या पांढऱ्याला तिच्याच केसरांचा पिवळा. शिंप्याकडे असा नमुना नव्हता.

मशीन जुनी, पेडण्याच्या एका शिंप्याने विकलेली. पैसे माझ्या मोठ्या जावेने दिले होते. ती शेजारच्याच घरात राहायची, आणि ते तिच्या दोन हंगामांच्या काजूबियांचे पैसे होते. निम्मे मी फेडले होते. तिच्या मुलीचं लग्न वैशाखातलं ठरलं, तेव्हा ती स्पष्टच म्हणाली, "चैत संपेपर्यंत उरलेले दी. नायतर मशीन चेडवाच्या लग्नात देतंय. राग मानू नको." राग नव्हता. पण मशीन जाणार या विचाराने माझा पाय पायट्यावर अडायचा.

तशात तुयेहून एका बाईंचं काम आलं. त्यांना पहिला नातू झाला होता, बारशासाठी गोधडी हवी होती. बाई मोठ्या गोतावळ्यातल्या. यांना काम आवडलं तर आणखी दहा घरं मिळतील, असं मला वाटलं. मी बाजारातून नवं कापड आणलं, त्यातून फुलं कापली आणि सगळी परसबाग त्या गोधडीवर मशीनने जोडली. इतकी सुंदर गोधडी मी तोवर केली नव्हती.

बारशाच्या तीन दिवस आधी घेऊन गेले. बाईंनी हात फिरवला आणि घडी परत माझ्याकडे सरकवली.

"नव्या कापडाची? पोराच्या आंगाक पयला जुना लुगडा लागता गो. तुका म्हायत नाय?"

माहीत होतं. माझी मुलं माझ्या सासूच्या लुगड्यावरच निजली होती. मशीन आणि रंग यांच्या नादात मी तेच विसरले होते. घरी जायला उठले, आणि दारात पोहोचल्यावर माझ्याच तोंडून शब्द आले, "तुमचं एक जुनं लुगडं द्या. परवा गोधडी आणून देते."

त्या उठून आत गेल्या. मग धुऊन धुऊन मऊ झालेलं हिरवं लुगडं घेऊन आल्या. "माझ्या लग्नानंतरचा पयला," एवढंच म्हणाल्या.

विरलेल्या कापडाला मशीनची सुई चालत नाही, धागा तुटतो. म्हणून बाळ निजेल त्या बाजूला लुगडं घेतलं, माझी फुलं खाली ठेवली, आणि सुरंगीखाली चटई टाकून हाताने धावदोरा घालत बसले. वरून केसर पडायचे, ते झटकायचे आणि पुढचा टाका. जाऊ कुंपणापाशी आली.

"मशीनीक ताप इलो काय गो? आवाज नाय."

"विश्रांती घेता," मी म्हटलं.

"घेऊ दे. वैशाखात तिका लांब जावचा आसा."

मी हसले. बोटं दुखत होती, पण काम बरोबर चाललंय हे मला टाक्यांवरून कळत होतं.

बारशाला बायकांनी लुगड्याची बाजू पाहिली, मग कोणीतरी गोधडी उलटी केली आणि फुलं दिसली. नंतर ती हातोहात फिरली. मी दाराआड उभी होते. बाईंनी मला हाताला धरून पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "हिणें केली." चैत्र लागेपर्यंत सात गोधड्यांचं काम आलं. प्रत्येक घरातून आजीचं लुगडं येई. वरच्या बाजूचं कापड मला विकत घ्यावं लागेना, त्यामुळे शिलाईतले पैसे गाठीला राहू लागले.

चैत्र संपायला चार दिवस होते तेव्हा जावेकडे गेले. मोगऱ्याच्या कळ्या आणि पैशांचं पुडकं तिच्यासमोर ठेवलं. तिने कळ्या बाजूला केल्या, नोटा दोनदा मोजल्या आणि तांदळाच्या डब्यात ठेवल्या.

"चेडवाच्यो चोळयो तूच शिव," ती म्हणाली.

"शिवतंय. शिलाई घेतंय हां, वयनी."

"घे गो. आता माझा तुझ्याकडे कायेक उरला नाय."

मशीन जनेलाखाली राहिली. पैसे सगळे फिटले.