विहीणबाईंना पाठवलेली पुस्तकं

गेल्या वर्षापर्यंत, दुपारची भांडी आवरली की मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात जाऊन बसायचे. पगार नाही, पद नाही, कुणी बोलावलेलंही नाही. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशेजारी एक बाक होतं. त्यावर बसून मी येणाऱ्या बायकांना कुठलं पुस्तक न्यावं ते सांगायचे. ग्रंथपाल सज्जन माणूस. सुरुवातीला त्यांनी सांगून बघितलं, "मावशी, लोक आपलं आपलं शोधतील की." मग त्यांनी नाद सोडला आणि स्वतःचा चहा सांगताना माझाही सांगायला लागले.

माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं कादंबऱ्यांवर. त्यामुळे जे कादंबरीत घडतं ते घरातही घडवून आणता येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

पुस्तक सुचवायची माझी एक रीत होती. बायका मंडईतून परत जाताना वाचनालयात डोकवायच्या, हातात पिशवी असायचीच. मी आधी पिशवीत बघायचे. मेथीच्या जुड्या दिसल्या म्हणजे बाईकडे बसून निवडण्याइतका वेळ आहे, हिला जाड कादंबरी. फ्लॉवरचा गड्डा असला म्हणजे घाई आहे, हिला पातळसं आत्मचरित्र. नारळ, पापड, शेवया असं सगळं एकदम दिसलं तर घरात पाहुणे आहेत, हिला पुढच्या आठवड्यात ये म्हणायचं. हे शास्त्र मी स्वतः शोधून काढलेलं. कधीकधी ते बरोबरही यायचं. चुकलेलं मी लक्षात ठेवत नाही, पण ज्यांच्या बाबतीत चुकलं ते ठेवतात. एका बाईंना "मन हलकं होईल बघा" म्हणून मी कादंबरी दिली, तिच्यात तिसऱ्या प्रकरणात नवरा घर सोडून जातो. त्यांच्या मिस्टरांची त्याच आठवड्यात बदली झालेली. तालमीतल्या एका वस्तादांना मी अशी प्रेमकथा दिली की ते पुस्तक परत करायला आले तेव्हा माझ्यावर खवळलेलेच होते. "मावशी, पोरांच्या म्होरं डोळ्यात पाणी आलं. आता तालमीत मला भिणार कोण?" पण तिचा दुसरा भाग त्यांनी मागून नेला, हेही लिहायला पाहिजे.

अशी माझी ख्याती. तिच्या जोरावर मी माझ्याच लेकीच्या संसारात हात घातला.

लेक गडमुडशिंगीला दिलेली. कोल्हापूरला लागूनच गाव, निम्मं गाव सकाळी शहराकडे कामाला निघतं. घरी चार म्हशी, थोडा ऊस, जावई कारखान्यात नोकरीला, आणि नातू नुकता चालायला लागलेला. लेकीला बी.एड. करायचं होतं. प्रवेश परीक्षा तिनं माहेरपणाला आल्यावर गुपचूप दिली आणि पास झाली. शहरातल्या कॉलेजात नंबर लागण्याइतके मार्क मिळाले. जावई म्हणाले, "माझं काय न्हाय. आई म्हणंल तसं."

आता आमच्यात रीत अशी की असलं काही सुनेनं तोंडानं मागायचं नाही. तिच्या आईनं विहिणीकडे विषय काढायचा. मोठ्यांचं मोठ्यांनी बोलायचं. म्हणून लेक माझ्या मागे लागली. "आई, तू एकदा ये आणि आत्तीला सरळ इचार." आत्ती म्हणजे तिची सासू, माझी विहीण.

सरळ विचारणं ही मला अडाणी रीत वाटली. एकदा तोंडातून 'नाही' गेलं की माणसाला ते परत गिळता येत नाही. आधी मन मऊ करावं, मग विचारावं.

"तू बघच," मी म्हटलं. "मी पुस्तकं पाठवतो त्यास्नी." (लिहिताना मी 'पाठवते' लिहिते, बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका 'पाठवतो'च म्हणतो.)

"त्या कुठं पुस्तकं वाचतात?"

"वाचत न्हाईत, कारण त्यास्नी आजवर कुणी बरोबर पुस्तक सुचवलं न्हाय."

"आई, म्हशींचं बघून त्यास्नी टाइम तर पायजे का नको?"

"तू गप. तुला त्यातलं कळत न्हाय."

खरं तर मलाही कळत नव्हतं. विहीणबाई म्हणजे उंच, धिप्पाड, अंगणातून हाक मारली तर एस.टी. थांबावी असा आवाज. वर्तमानपत्र तेवढं पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत रोज वाचायच्या. भाजी त्यांच्या घरामागच्या परड्यातच पिकायची. त्या मंडईत जात नाहीत, म्हणजे पिशवीच नाही, तर मी बघू कशात? तरीपण मी एक आत्मचरित्र निवडलं. त्यातल्या लेखिकेची पाटी तिची सासू चुलीत घालते, तरी ती बाई जिद्दीनं शिकते आणि शेवटी शाळेची मुख्याध्यापिका होते. वाचनालयात फार चालणारं पुस्तक. वाचून बाया डोळे पुसत आत यायच्या. मी म्हटलं, हे वाचलं की विहीणबाईंना वाटेल, आपण असं करायला नको. जावई शहरात आले होते, त्यांच्या गाडीला पिशवी अडकवून दिली.

विहिणीला पाटी जाळणाऱ्या सासूचं पुस्तक पाठवलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे पेठेतल्या कुठल्याही पोरीनं मला सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही. सुचवणारी मी, मला कोण सुचवणार?

पुस्तक परत आलं. आमच्याकडे पिशवी रिकामी पाठवत नाहीत, तशी त्यांनीही पाठवली नव्हती. वर पुस्तक, खाली कारली. किलोभर तरी असतील, हिरवीगार, काटेरी. मी ती कारली ओट्यावर मांडली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. पिशव्या वाचण्यात माझी उभी हयात गेलेली. हा निरोप मला लगेच कळला.

घाबरून मी बाजू बदलली. एक ऐतिहासिक कादंबरी पाठवली, उशाला घेता येईल इतकी जाड. त्यात किल्ले, वेढे, घोडी, फितुरी सगळं होतं, सून शोधून सापडली नसती. ती परत आली तेव्हा पिशवीत डबा, आणि डब्यात खर्वस. मी खर्वस खाल्ला आणि माझी हिंमत वाढली. विहीणबाई ताळ्यावर आल्या, आता घाव घालायला हरकत नाही. कॉलेजच्या प्रवेशाची मुदत जवळ येत होती, लेक फोनवर नुसतं "आई?" म्हणायची आणि मी म्हणायचे, "चाललंय, चाललंय."

तिसरं पुस्तक मी फार विचार करून काढलं. एक लोकप्रिय कौटुंबिक कादंबरी. त्यातली सासू इतकी मोठ्या मनाची की सुनेला स्वतः कॉलेजात घालते, तिचा डबा भरते, दारात उभी राहून तिची वाट बघते. शेवटी गाव त्या सासूची मिरवणूक काढतं. मला स्वतःला ते पुस्तक जरा गोडमिट्ट वाटतं, पण औषध म्हणून चालेल असं वाटलं.

ते परत आलं. पिशवी रिकामी.

मी ती उलटी करून झटकली. तळाशी कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही. गणगोतात कितीही वितुष्ट येवो, लग्नं मोडोत, जमिनीवरून डोकी फुटोत, पण रिकामी पिशवी मी आयुष्यात बघितली नव्हती. मला वाटलं, संपलं. लेकीचं बी.एड. माझ्या शहाणपणानं बुडालं, आणि वर तिला रोज त्याच घरात भाकरी खायची आहे. दुसऱ्या दिवशी मी बस धरून गडमुडशिंगीला गेले.

विहीणबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. "या विहीणबाई. आज पुस्तक न्हाय आणलं व्हय?"

"न्हाय. आज माफी मागायला आलोय."

"कशाची वं?"

मी सगळं सांगून टाकलं. कारली, खर्वस, रिकामी पिशवी, प्रत्येकाचा मी लावलेला अर्थ. नवीन माणूस गोठ्यात आल्यावर म्हैस बघते तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कारली वेलाला लागलीती म्हणून दिली. म्हस व्यालती म्हणून खर्वस दिला. आणि परवा..." त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. मनगटाला फडकं बांधलेलं, बोटं सुजून जाड झालेली. "हात वळंना. दोडकी तोडायची ऱ्हायली. भाजीत काय बघत बसता वं तुमी? भाजी खायाची असती."

मी फडक्याकडे बघत राहिले. एवढ्या दिवसांत त्यांची तब्येत कशी आहे हे मी लेकीला कधी विचारलंच नव्हतं.

"मग पुस्तकं आवडली न्हाईत?" मी भीतभीत विचारलं. सवय जात नाही.

"वाचली की. सगळी वाचली." लेक चहा घेऊन आली, तिच्यासमोरच त्यांनी सुरू केलं. "ती पयली बाई शिकली, मोठी झाली, लई चांगलं झालं. पण ती शाळंत गेल्यावर घरात भाकरी कुणी थापल्या, ते कुठं लिवलंय? मी दोनदा बघितलं. न्हाय लिवल्यालं."

ते पुस्तक मी कितीतरी बायकांना वाचायला लावलं होतं. भाकरीचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आणि ती शेवटची देवमाणूस सासू. साऱ्या पुस्तकात एकदा तिची कंबर दुखली न्हाय. असली सासू मला मिळाली असती तर मी कलेक्टर झालो असतो." लेकीनं तोंडाला पदर लावला. "मधलं बरं हुतं, लढायांचं. त्यात कुणी कुणाला शानपन शिकवत न्हाय."

त्यांनी डाव्या हातानं कप उचलला. "हं. इचारा आता."

"काय?"

"जे इचारायला तीन पुस्तकं घातली ते."

मी विचारलं. पोरीला बी.एड. करू द्याल का, एवढंच. तीन पुस्तकांच्या ओझ्याखाली जे दडवलं होतं ते एका ओळीत मावलं.

"करू दे की. मी कवा न्हाय म्हटलंय? माहेरपणाला जाताना कोण अभ्यासाची पुस्तकं घेऊन जातंय? तवाच कळलंय मला. वैशाखापासनं वाट बघालोय, कुणीतरी येऊन इचारंल म्हणून. आपणहून कसं बोलायचं? मला पण मान हाय का न्हाय?"

"हाय की," मी म्हटलं.

"पण ह्यो हात बघा. माझ्यानं धार निघत न्हाय, सूनबाई काढती. ती जाणार असली तर माझं पोरगं काढंल. म्हशीनं दोनदा लाथ घातली त्याला, शिकंल. भाकरी मी करतो, जाड हुतील, खातील. ऱ्हाता ऱ्हायला ह्यो." नातू उंबऱ्यावर बसून माझी चप्पल चाखत होता. "ह्यो सारखा हौदाकडं पळतोय, म्हशींच्या पायात शिरतोय. ह्या गुडघ्यांनी मी त्याच्यामागं पळू शकत न्हाय. आईसंगं सकाळी कोल्हापूरला जाईल, सांजचं येईल. दिवसभर बघायचं कुणी?"

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मला आधी ते बाक दिसलं. मग चहा. मग दारातून आत येणारी मेथीची पिशवी, आणि मी तिथं नसले तर त्या बाईला कुणीतरी भलतंच पुस्तक देणार हा विचार. त्यागाची पानंच्या पानं मी लोकांना वाचायला लावली होती, त्यांच्या घरी जाऊन "रडलात का?" म्हणून विचारलं होतं. माझ्या वाट्याला त्यातलं एक पान आलं तर ते मला उलटेना. खरं सांगते, मी नातवाच्या तोंडातून चप्पल काढून घेतली आणि पदरानं पुसत बसले.

विहीणबाईंनी घाई केली नाही. चहा पिऊन कप खाली ठेवला. "जड जातंय न्हवं? मला पण असंच जड जात हुतं. एखादं पुस्तक हाय का यावर? सुचवा की."

लेक कप गोळा करायला वाकली. "असू दे आत्ती," ती हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. सातवीनंतर मला घरच्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं, आणि इतक्याच मायेनं.

"आणून सोड त्याला माझ्याकडं," मी म्हटलं. "कॉलेज सुरू हुईल त्या दिवसापासनं."

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी ती नातवाला माझ्या कडेवर देते आणि मागे न बघता निघते, कारण बघितलं की तो भोकाड पसरतो. मग दिवसभर मी त्याच्या मागे आणि तो जिन्याच्या मागे. वाचनालयात माझ्या बाकावर आता जुन्या अंकांचा गठ्ठा ठेवलाय म्हणे. पुस्तकंही पूर्वीपेक्षा जास्त जातात म्हणे. हे मला ग्रंथपालांनी स्वतः सांगितलं, जरा जास्तच आनंदानं.

विहीणबाईंचा हात अजून पुरता बरा नाही, त्यामुळे त्यांना दुपारी सक्तीनं बसावं लागतं. जावई त्यांना आमच्याच वाचनालयातून पुस्तकं नेऊन देतात, निवड त्यांची त्या स्वतः करतात. दुपारी नातू माझ्या दंडावर झोपला की त्यांचा फोन येतो. मला हलता येत नाही, फोन ठेवता येत नाही. त्या आठवडाभरात वाचलेली कादंबरी पहिल्या प्रकरणापासून सांगायला बसतात, आणि त्यांचा तो आवाज, पोरगं उठेल म्हणून मी फोन उशीखाली धरून ऐकते. परवा अशीच एक, नवीन आलेली, कधीपासून मला वाचायची होती.

"विहीणबाई, शेवट तेवढा सांगू नका," मी कुजबुजले. "मी वाचणार हाय."

"तुमास्नी कुठला टाइम मिळतोय," त्या म्हणाल्या, आणि सांगितला.