त्याच गोळ्या

“बोल लवकर. काय होतंय?”

डाक्टर बारामतीचा. मी दारात उभा. आत त्याच्याशेजारी बापूसाहेब बसलेले, गुडघा दाखवायला आल्याले. बापूसाहेब म्हंजी आमच्या गावचे मोठे बागायतदार. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस, सोताचं गुऱ्हाळ. त्या गुऱ्हाळावर मी चुलवाणात जाळ घालायचो. भाईर बाकड्यावर बाया-बापड्यांची दाटी.

वाटभर मी शब्द जुळवत आलो व्हतो. त्या गोष्टीला आमच्यात शिवी हाय, शब्द न्हाय. शेवटाला म्हणालो, “साहेब, अंग थंड पडलंय.”

डाक्टरनं काखेत काचेची नळी खुपसली. काढून उजेडात धरली. “ताप नाही. थंडी वाजून येते का?”

“तसं थंड न्हवं साहेब. कारभारणीपाशी थंड.”

बापूसाहेबांना आधी उमगलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, “अहो डाक्टर, गडी खच्ची झालाय म्हणतोय! बडवल्याला बैल!”

बाकडं हसलं. डाक्टरबी हसला. आन् हसता हसताच बोलून गेला, “त्या मनाच्या गोळ्यांनी होतं असं कधी कधी. म्हणून तर तुमच्या धाकट्या भावाच्या लगेच बंद केल्या आम्ही. लग्न नवीन होतं.”

बापूसाहेबांचं हसू थांबलं. मी इचारलं, “आन् माझ्या?”

“तुला मूल आहे ना?”

“एक पोरगी हाय.”

“मग झालं की. बंद करून वर्ष झालं ना? येईल हळूहळू. निघ आता.”

मी निघालो. बारामतीपासनं घरापत्तूर चालत आलो आन् वाटंत एकाच गोष्टीचा इचार केला. धाकल्या मालकाला सांगितलं. मला न्हाय.

झालं असं व्हतं. कूळकायद्याची गडबड चालू व्हती तवाची गोष्ट. माझा पोरगा गोवरानं गेला, त्याच्यामागं माझं मन बसलं. उठूच वाटंना. भाकर माती लागायची. इहिरीच्या कडंला जाऊन पाण्याकडं बघत ऱ्हायचो. माझी बायको कौसा हाताला धरून माघारी आणायची. म्हणायची, “नुसतं हूं तरी म्हणा वो.” तेवढंबी माझ्यानं व्हत न्हवतं. देवऋषी झाला, अंगारा झाला. त्याच टायमाला धाकले मालकबी तसेच पडले, भिताडाकडं तोंड करून. आजारानं तेवढी जात पाळली न्हाय. त्यांना बैलगाडीतनं बारामतीला न्यायचं काम मला लावलं, आन् माझं तोंड बघून डाक्टरनं मलाबी त्याच गोळ्या दिल्या. मुंबैवरनं आल्याल्या, नव्या.

गोळ्यांनी मी उठलो, हे मी नाकारत न्हाय. इहिरीकडं जाणं थांबलं. कामावर जायला लागलो. पर दुसरं जे व्हतं ते झोपलं. वाटलं, गोळ्या थांबल्या की जागं व्हईल. गोळ्या दिवाळीला थांबल्या. दुसरी दिवाळी आली, गेली. कौसाचा हात अंगावर पडायचा. मला कळायचं, हात हाय. म्होरं काय न्हाय. ती हळूच हात काढून घ्यायची, पोरीचं पांघरूण सारखं करायची. बोलायची न्हाय. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गोळीनं समदं नेलं, जळणं तेवढं ठिवलं. काय काय बघून जळायचो! शेजारच्या खोपटातनं नवरा-बायको हसल्याला आवाज आला तरी जळायचो. धाकल्या मालकाला पोरगा झाला, पेढं वाटलं, मला एक हातावर वरनं टाकला. तो पेढा मी खाल्ला न्हाय. कुत्र्यालाबी दिला न्हाय. चुलवाणात टाकला आन् जळताना बघत बसलो.

दवाखान्यातली गोष्ट गुऱ्हाळावर यायला येळ लागला न्हाय. माझं नाव गेलं. “ए खच्ची, जाळ वाढीव.” “खच्चीला चा द्या रं.” कौसा तिथंच उसाच्या मोळ्या वाहायची. मुकादम तिच्या डोईवर मोळी द्यायचा. आमच्यातलाच गडी, बायको मेल्याला, अंगानं दांडगा. एक दिस तो मोळी देता देता कायतर म्हणाला आन् कौसा हसली. मी लांबनं बघितलं.

घरी आल्यावर इचारलं, “हसलीस का?”

“हसले. मंग त्यांच्याम्होरं रडू व्हय? रडायला घर हाय की.”

तिचं बरुबर व्हतं. तरी मी जळलो. तिचं हसू त्यानं जवळनं बघितलं आन् मी लांबनं, म्हणून जळलो. त्या दिसापासनं मी त्याचं हात बघत बसायचो. जाळ इझायचा, काहिलीतला रस थंड व्हायचा, शिव्या पडायच्या.

मंग एक दिस चावडीवर बोलावणं आलं. कौसाचा बाप आल्याला, कौसाला त्यानं शेजारी बसवल्याली. आमचे पंच बसल्याले, आन् मधी बापूसाहेब. ते आमच्या जातीचे न्हवते, पर त्यांच्याबिगार आमच्या पंचांची जीभ हलत न्हवती. धाकले मालक खांबाला टेकून. मुकादम धुतल्यालं पागोटं घालून बसल्याला. पागोटं बघून मला समदं कळलं.

आमच्यात फारकत घ्यायची तर पंचाम्होरं काडी मोडायची. काडी मोडली की बाई मोकळी. मंग तिचा दुसऱ्यासंगं पाट लावत्यात.

बापूसाहेबांनी कडब्याची काडी माझ्या हातात दिली. “मोड. हिचा जलम कशाला नासवतोस? तुझ्यात काय ऱ्हायलंय?”

काडी हातात घितली. खरं सांगतो, मोडणार व्हतो. वाटलं, व्हय, काय ऱ्हायलंय? तेवढ्यात नजर मुकादमाकडं गेली. तो कौसाच्या पायातल्या जोडव्यांकडं बघत व्हता. आत्ताच आपली झाल्यागत.

वरसाभरात पैल्यांदा माझ्या अंगात कायतर पेटलं. जळफळाटच व्हता तो. म्हटलं, असू दे. हाय ते माझं हाय.

मी उभा ऱ्हायलो. म्हणालो, “मी खच्ची न्हाय. मला मनाचा आजार झाला, मी गोळ्या खाल्ल्या. धाकल्या मालकांनीबी त्याच गोळ्या खाल्ल्या. त्यांची बायको नवी म्हणून डाक्टरनं त्यांच्या थांबवल्या. माझ्या चालू ठिवल्या. माझी बायको काय दगडाची व्हती? तिला कुणी इचारलं? मला कुणी सांगितलं?”

“तोंड आवर!” बापूसाहेब ओरडले.

“बैलाला बडवताना धनी कोण ते तरी इचारत्यात. मला तेवढंबी इचारलं न्हाय.”

धाकले मालक खांबापासनं सरकले, पायताण घातलं आन् खाली बघत निघून गेले. मला त्यांची कीव आली न्हाय. त्यांना पोरगा हाय.

कौसा उठली. बापाकडं बघितलं न्हाय, पंचाकडं न्हाय. मला म्हणाली, “टाका ती काडी. चला. पोरगी एकली हाय घरात.”

गुऱ्हाळावरचं काम गेलं. गावात आमाला कुणी बोलवंना, मंग इंदापूरकडं दुसऱ्याच्या उसात जाऊ लागलो. अंगाचं म्हणाल, तर कधी चुकार ऊब येती, बऱ्याच येळा येत न्हाय. कौसा ऱ्हायली. का ऱ्हायली, ते तिला ठावं. ती कुणासंगं हसली की मी आजबी जळतो, आन् तिला तोंडावर सांगतो, जळलो म्हणून. ती म्हणती, “जळा.”

हे जळणं मी सोडणार न्हाय. ज्या गोळ्या मालकाच्या भावानं खाल्ल्या त्याच मी खाल्ल्या. त्याला सांगितलं ते मला का न्हाय सांगितलं, हे मी इचारणार. दारात उभं करा, भाईर काढा, हसा. मी मोठ्यानं इचारणार, बायका-पोरांच्या देखत इचारणार, आन् जबाब मिळंस्तवर डाक्टरच्या त्या दारातनं हलणार न्हाय.