श्वास भरून घेतलेलं माप

माझे मिस्टर आखातात, शहराच्या शर्क भागातल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होते. मी त्याच शहरात, रिग्गई वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत ओळखीच्या बायकांचे कपडे शिवायची. रत्नागिरीला शिवणाचा वर्ग केला होता, तेवढाच आधार. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ह्यांचा हॉटेलातून फोन आला.

“अगो, टेप नि सुयांचा डबा घे आणि टॅक्सी करून ये. गाणाऱ्या एका मॅडमच्या गाऊनची चेन तुटलीय. संध्याकाळी कार्यक्रम आहे.”

मॅडम रोमानियाच्या होत्या. चाळिशीतली, उंच, रुंद खांद्यांची बाई. ऑपेरात सगळ्यात वरच्या पट्टीत गायची. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक, पण माइकशिवाय, हे मला तिनेच पुढे समजावलं. मी तिच्या छातीभोवती टेप धरली तेव्हा ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “थांब. आता बघ.” आणि तिने श्वास घेतला. खांदे जागचे हलले नाहीत, पण बरगड्या दोन्हीकडे उघडत गेल्या, पाठ रुंदावली, आणि टेप माझ्या चिमटीतून सरकत गेली. चार इंच!

“माझा कपडा ह्या मापाचा लागतो,” ती म्हणाली. “शिंपी उभ्या बाईचं माप घेतात. गाणाऱ्या बाईचं कुणी घेत नाही.”

चेन बदलली, बगलेत कापड वाढवलं. त्यानंतर दर हिवाळ्यात हॉटेल तिला बोलवायचं आणि ती आपले कपडे माझ्यासाठी राखून आणायची. माझ्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे बोलायचं काम तिचंच. तिच्या देशातलं जुनं राज्य उलथलं तेव्हा ती तिशीला आली होती. तोवर पासपोर्ट हातात मिळत नसे. बाहेर पडली तेव्हा तिच्या वयाच्या गायिकांची नावं झालेली होती. मग हिला काय मिळालं? बदलीचं काम. कुठल्या तरी शहरात मुख्य गायिकेचा घसा बसला की हिला फोन. सकाळी विमान, दुपारी दुसऱ्या बाईचा पोशाख अंगावर बेतायचा, संध्याकाळी उभं राहायचं. जर्मनी, इटली, एकदा जपानसुद्धा. चौदा भूमिका पाठ, आणि जाहिरातीवर तिचं नाव एकदाही नाही.

“लोक मला बघून आधी उसासा टाकतात,” ती हसून म्हणाली होती. “मग ऐकतात.”

चौथ्या वर्षी ती आली ती आनंदातच. युरोपातल्या एका नाटकघराने तिला मुख्य भूमिका दिली होती. बदली म्हणून नाही, स्वतःच्या नावाने. वसंतात प्रयोग होते. मधूनच ती खोकत होती, विमानातल्या एसीला दोष देत होती. मी टेप लावली. तिने श्वास भरला. टेप थोडी सरकली आणि थांबली.

मी पुन्हा घ्यायला लावला. तेवढंच. जेमतेम दोन इंच.

“किती?” तिने विचारलं. आरशात ती माझ्याकडेच बघत होती.

“तेवढंच आहे, मॅडम. चार.”

हे खोटं मी का बोलले, ह्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा देऊन पाहिली. तिचा आनंद मोडवेना. मी डॉक्टर थोडीच होते. खरं कारण असं, की ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. गाऊन मात्र मी खऱ्या मापाचा केला. घालून पाहिला तेव्हा ती खूश झाली. “बघ, कुठे ओढत नाही.”

त्या संध्याकाळी ह्यांनी मला हॉलच्या मागच्या दाराशी उभं केलं, जिथून वेटर ये-जा करत. समोर पाहुणे जेवत होते, काटेचमचे वाजत होते. शेवटच्या गाण्यात एक स्वर ती दरवर्षी लांबवायची, ऐकताना माझाच श्वास अडायचा. त्या दिवशी तो तिने मध्येच सोडला, आणि सोडताना हसली, जणू तसंच ठरवलं होतं. टाळ्या झाल्या. परतीच्या टॅक्सीत मी टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत होते.

“काय झालं तुला?” ह्यांनी विचारलं.

“ती आजारी आहे.”

“तिने सांगितलं?”

“नाही. मला ठाऊक आहे.”

“मग तू तिला सांगितलंस?”

सकाळी जाऊन सांगावं असं ठरवलं होतं, पण सकाळचंच तिचं विमान होतं.

पुढच्या हिवाळ्यात दुसरी गायिका आली, तिचे कपडे ठीक होते. त्याच्याही पुढच्या वर्षी लाँड्रीत ह्यांच्या नावाने त्या रोमानियाच्या मॅडमचा फोन आला आणि ह्यांनी आमच्या घरचा नंबर दिला. मग तिने मला घरी फोन केला. तिचा बोलण्याचा आवाज बारीक झाला होता. फुफ्फुसात गाठ निघाली होती. उजवीकडचा भाग काढून टाकावा लागला. आता ती आपल्या गावी शाळेतल्या मुलींना गाणं शिकवत होती.

“एक विचारायचं आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी किती होतं?”

“दोन,” मी म्हणाले.

लाइनवर खरखर वाढली होती. ती म्हणाली, “तू सांगितलं असतंस तर मी तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते. कदाचित कमी कापावं लागलं असतं.” मग म्हणाली, “आणि ती भूमिका झाली नसती. सहा प्रयोग केले मी. सहाही वेळा जाहिरातीवर माझं नाव होतं.”

ह्यातलं काय बरं झालं, हे ती बोलली नाही. मी माफी मागितली. “ऐकू येत नाहीये,” ती म्हणाली. म्हणून मी मोठ्याने, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने पुन्हा मागितली. तिने माझ्या मुलांची चौकशी केली, रोमानियात बर्फ पडतंय म्हणाली, आणि फोन ठेवला.