मेणाचे दोन पाय

पन्नास सालच्या सुमारास ठाण्यात आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. तळ्याकाठच्या पोर्तुगीजकालीन चर्चच्या दारात त्या नवसाचे मेणाचे हातपाय विकत; ज्याचा जो अवयव दुखे, तो मेणाचा करून वाहायचा. चर्चला त्या देऊळच म्हणत, आणि आतल्या मेरीमातेला मावली. नुसतं ‘पाय द्या’ म्हटलेलं त्यांना खपत नसे.

“कंचा? डावा का उजवा? मावलीनं काय दोन्ही तपासत बसायचं?”

मग गिऱ्हाईक डॉक्टरसमोर उभं राहिल्यासारखं निमूट गुडघा दाखवी.

मावलीच्या जत्रेला टोपली घेऊन त्या डोंगरावरच्या दुसऱ्या चर्चपर्यंत चढत, आणि दर दहा पायऱ्यांवर थांबून पायऱ्या बांधणाऱ्या पोर्तुगीजांचा उद्धार करत. त्यांचे स्वतःचेच गुडघे सुजलेले असत.

“मावशी, तुम्ही का नाही नवस बोलत?” मी एकदा विचारलं.

“आपलाच माल आपणच वाहायचा? मावली हसंल.”

शेवटी एका जत्रेत मीच त्यांच्याकडे दोन पाय मागितले, डावा आणि उजवा.

“कोनासाठी?”

“शेजारणीसाठी. गुडघे दुखतात, पण ऐकत नाही. भांडते.”

माझ्याकडे टक लावून बघत त्यांनी टोपलीतले सगळ्यात सुबक दोन पाय निवडले. वर एक मेणबत्ती ठेवली.

“ही कशाला?”

“तुज्यासाठी. तिच्या शेजारी रहातोस ना!”