सुभेदारकाकांनी मागितलेलं बटन

सुभेदारकाका चिडले की त्यांचा आवाज खाली यायचा. माझं उलटं आहे, मी चिडले की शेजारच्या ऑफिसलाही कळतं. काकांचं बोलणं ऐकायला खुर्ची पुढे ओढावी लागली, की समजायचं, आज कुणाची तरी धडगत नाही. महूहून ते रोज बसने यायचे आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात दहाच्या ठोक्याला पलासिया भागातल्या आमच्या डिझाइन स्टुडिओत हजर असायचे. त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे फौजेत, ते स्वतः तोफखान्यातून निवृत्त झालेले.

असा माणूस आमच्यात आला तो एका परदेशी कामामुळे. कुठल्याशा देशाच्या लष्कराची ड्रोन तुकडी होती, तिच्या भरतीची वेबसाइट करायची होती. आमच्या मालकांना आम्ही सगळे भिया म्हणायचो. भियांना हवं होतं की बघणाऱ्याला आपणच ड्रोन उडवतोय असं वाटावं. पान खाली सरकवलं की डोंगर मागे पडतात, कानात वारा घोंघावतो, मग चौकटीत एक घर येतं. क्लिक केलं की स्फोट, आणि धूर विरायच्या आत भरतीचा फॉर्म. यात फौजी तपशील चुकू नयेत म्हणून काका सल्लागार.

चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बुटांची लेस, टोपीचा कल, सलाम करतानाचं कोपर, काही सुटायचं नाही. मी वैतागायचे. "काका, इतकं कोण बघतं?"

"बेटा, जो फौज में जाएगा, वो देखेगा. त्याच्यासाठीच बनवतेस ना?"

पोहे आले की ते स्क्रीनकडे पाठ करून बसायचे. खाताना काम नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी माझ्याही गळी उतरवला.

एक दिवस ते त्या चौकटीतल्या घरापाशी अडले. "हे घर कुठून आणलंस?"

म्हटलं, तयार मॉडेल विकत मिळतं.

"छतावर कपडे वाळताहेत. त्यात एक झबलं पण आहे."

तीन आठवडे मी त्या घरावर ऊन-सावल्या टाकत होते, आणि मला झबलं दिसलं नव्हतं! "पुसून टाकते," मी म्हटलं.

काकांचा आवाज खाली आला. "पुसू नको. थांबायचं बटन दे. मी बावीस साल दुर्बीण घेऊन टेकडीवर बसलो. गोळा कुठे टाकायचा ते मी सांगायचो, आणि थांबा, ते पण मीच सांगायचो. ज्याला थांबता येत नाही, वो लड़का फौज के किस काम का?"

मी बटन केलं. ते दाबलं की ड्रोन वळून परत यायचा आणि दाबणाऱ्यालाही फॉर्म मिळायचा. काकांनी स्वतः दाबून पाहिलं, "अब ठीक है" म्हणाले आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

आठवड्याने मीटिंग झाली. भिया हसत म्हणाले, "काकाजी, क्लायंटने चाचणी घेतली, त्यांना ते बटन नकोय. लोग वहाँ रुककर सोचने लगते हैं, फॉर्मपर्यंत येतच नाहीत."

लोक विचार करायला लागतात म्हणून बटन काढायचं! आणि हे सांगताना तो माणूस जिरावण मसाला भुरभुरून पोहे खात होता.

"मग माझी सही परत द्या," काका म्हणाले.

"अरे, वो तो चली गई फाइल में. टेंशन मत लो."

काकांनी टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. आम्ही सहा जण होतो. एरवी प्रिंटर अडला तरी बोंब मारणारी मी, लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसले. काका उठले, खुर्ची आत सरकवली आणि गेले. वेबसाइट बटनाशिवाय सुरू झाली, सल्लागार म्हणून त्यांच्या नावासकट. भियांचा मला आजही संताप येतो. त्या बटनावरचा माझाच हात मी त्यांच्या एका वाक्यावर काढून घेतला, त्याचा जास्त येतो.

महिन्याभराने मी महूला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. कप खाली ठेवून काका म्हणाले, "तू त्या दिवशी बोलली असतीस तर बटन राहिलं असतं?"

"नाही काका. भियांनी ठरवलंच होतं."

"मलाही माहितेय, नसतं राहिलं." ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "पण बेटा, त्या खोलीतून मी एकटा बाहेर पडलो नसतो."

काका गेले, त्याला आता वर्ष होईल. त्या टेबलाभोवती गप्प बसलेले आम्ही सहा जण होतो, आणि त्यातल्या फक्त मला ते बेटा म्हणायचे.