ती तहान उन्हाची नव्हती

बाळांनो, मित्रामावशी एवढी का वाळली, असं तुम्ही फोनवर विचारायचात आणि मी विषय बदलायची. माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. तुमच्या मावशीला, माझ्या लेकीला, जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात उतरत नाही, म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर कॅप्सूल घ्यावी लागते. एकतीस वर्षांची ही बाई कॅप्सूल चुकवते आणि माझ्याशी खोटं बोलते, असा मला संशय होता. तिच्या नकळत मी कॅप्सूल मोजायची. आकडा बरोबर निघाला की वाटायचं, फेकून देत असेल.

बुद्धपौर्णिमेला आम्ही दोघी अमरावतीहून अकोल्याला, माझ्या बहिणीच्या वस्तीतल्या विहारात गेलो. वंदनेत माझे डोळे मिटलेले, लक्ष मात्र मित्राकडे. ती सारखी उठून पाणी पीत होती. वैशाखातलं अकोला, तहान कुणाला नव्हती? खीरदान झाल्यावर, रांजणापाशी पाणी वाटणारी एक साठीची बाई माझ्याजवळ आली.

"ताई, पोरीची शुगर पायली का?"

अशा चौकशीमागून चूर्णाची पुडी निघते, हा माझा अनुभव. मी तुटकपणे विचारलं, "तुम्ही काय विकता?"

"पाणी देऊन राहिली, दिसत नाई काय?" ती शांतपणे म्हणाली. "उनाची तहान असली तं घाम जाते, लघवी कमी होते. हे पोरगी घडीघडी मोरीकडे जाऊन राहिली. माह्या घरच्याले अशीच सुरुवात झाली होती."

मी तिचं नावही विचारलं नाही.

तिचं बोलणं मात्र मनातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी अमरावतीत मित्राचं रक्त तपासलं. साखर फार वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, या आजारात मोठेपणी स्वादुपिंड इन्सुलिनलाही कमी पडू शकतं, वजन त्यानेच उतरत होतं. इन्सुलिन घ्यायचं, जेवण मात्र कमी करायचं नाही. म्हणजे कॅप्सूल ती नेमाने घेत आली होती.

परतताना ऑटोत मी तिला सगळं सांगितलं, मोजल्याचंसुद्धा.

"माहीत आहे. मोजून झालं की तू पाकिटं एका रांगेत लावतेस, आई. मी कधी लावते का?"

"मग बोलली का नाहीस?"

"मोजून तुला झोप लागत असेल, म्हटलं."

कितीतरी वर्षं मी रोज बुद्धाला शरण जाते म्हणत आले आणि पोटच्या मुलीवर विश्वास टाकू शकले नाही. त्या बाईला कुणी पाठवलं, असं मी म्हणणार नाही; आपण तसं मानत नाही. पण मी झिडकारल्यावरही ती बोलायची थांबली नाही, याबद्दल रोज सकाळी तिच्यासाठी हात जोडते. मित्रा अंगाने जरा भरली आहे. ती जेवत असते तेव्हा मी आता तिच्या ताटाकडे बघत नाही. तिच्याशी गप्पा मारते.