घाट चढीन, पण पुस्तक नको!

मास्तरांच्या खोलीत किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. रोज एक नवा शहाणा भेटतो अन् भर पडत जाते! आमच्या सौंसरच्या शाळेत तर डोक्याच्या कामाला कोणी कामच म्हणत नव्हतं. त्याचा संताप मला आजही येतो.

*

एकदा मी पेपर तपासून राहिलो होतो. डोकं नुसतं भणभणत होतं. बोरगावचे एक पाटील पोराची चौकशी करायला आले. जरा वेळ पाहत उभे राहिले अन् म्हणाले, "गुरुजी, रिकामेच बसले असान तं चला, संत्री तोडू लागा!"

"मी काय माशा मारून राहिलो?" मी ओरडलोच.

"तसं नाही बाप्पा, पण घाम कुठी दिसते?"

आता घाम दाखवायला काय डोकं फोडून घेऊ!

*

मग राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मराठी मुलखात गेलं, आम्ही हिंदीवाल्या भोपाळच्या वाट्याला आलो. हुकूम निघाला, मराठी मास्तरांनी हिंदीची परीक्षा द्यावी, दोनदा नापास झाला त्याची नोकरी गेली. इतकी वर्षं शिकवलं त्याची ही किंमत!

हेडमास्तरांनी विचारलं, "शाळा सुटल्यावर अभ्यासाला कोण थांबतं, अन् हॉलमधले बाक कोण हलवतं?"

बाकांसाठी सगळे हात वर! ज्यांची कंबर धरली होती त्यांचेसुद्धा!

*

त्यातले बोंद्रे गुरुजी आधीच एकदा नापास झालेले, आता शेवटची संधी. मी त्यांना घरी जाऊन शिकवायचो. पुस्तक उघडलं की हे उठले! कधी विहिरीचं पाणी शेंदतील, कधी लाकडं फोडतील.

"अहो, बसा ना!"

"आलोच. एवढं करून घेतो, बरं वाटते."

वहिनी भडकल्या. "भाऊजी, येत जा रोज. लाकडं पुढच्या साली पण पुरतीन. यांची नोकरी गेल्यावर चुलीवर शिजवू काय, तेवढं सांगा!"

*

परीक्षा छिंदवाड्याला. आम्ही सगळे बसनं निघालो, बोंद्रे सायकलवर! बसमध्ये मी प्रश्न विचारीन, ही धास्ती. सिल्लेवानीचा अख्खा घाट चालेल, पण माझ्या शेजारची सीट नको!

हॉलमध्ये शिरले तेव्हा सदरा पिळून काढावा इतका ओला. पेपरात एकच मोठा निबंध, 'श्रम का महत्त्व'. मी खूश! हाच तर मी त्यांच्याकडून लाकडं फोडता फोडता घोटून घेतला होता.

वेळ संपली. बोंद्रेंनी कोरा कागद देऊन टाकला.

बाहेर येताच मी त्यांचा हात धरला. "काहून हो? एक ओळ पण नाही? वहिनींना आता काय तोंड दाखवू?"

बोंद्रेंनी निवांत घाम पुसला.

"मेहनतीवरच होता न गुरुजी? ते तं मी येतानीच करून आलो!"